उधारीची वही

लष्करात, दौलतगंजात आमचं किराणा दुकान.
आजोबांच्या वहीत एक खातं:
भागीरथीबाई पागनीस.
पोहे चार शेर – बैठक.
चहापत्ती – बैठक.
गूळ, घासलेट – ‘हे तुरुंगात’.
पुढे सात महिने
नुसती बाजरी.

एका पानावर आजोबांचं अक्षर अडखळतं:
शिवणयंत्र विकून सगळी फेड.
पावती नको म्हणाल्या.

आता चौकात साहेबांचा पुतळा,
बोट किल्ल्याकडे.
त्यांच्या भाषणांचे तिन्ही खंड मी वाचलेत,
पोहे कुठेच नाहीत.

जयंतीला समितीची पोरं येतात.
साखर, दूध पावडर, कागदी पेले दोनशे.
“साहेबांच्या नावावर लिहा, काका.”

मी चष्मा पुसतो, जुनी वही काढतो.
साहेबांच्या नावाचं खातं
आमच्याकडे कधी नव्हतंच.