वाळेपर्यंत

आधी गुळणी करायला लावली.
खिचडीची शितं, सुपारीचा चुरा,
बेसिनमध्ये पडलं सगळं.
"गिळलं तर चालंल का ओ, मॅडम?"
म्हटलं, नाही. थुंक.

परभणी, सरकारी दवाखाना, खोली नऊ.
सोबतचा पोलीस नियमाप्रमाणं साध्या शर्टात,
बूट मात्र तेच.

नाव हनमंत लिंबाजी. जन्म एक जून.
माझाही एक जून.
ज्यांच्या घरी तारीख नव्हती त्या सगळ्यांना
गुरुजींनी एकाच दिवशी जन्माला घातलं,
आणि साल? डोक्यावरून हात टाकून
पलीकडच्या कानाला बोट लागतंय का, बघून.
आता त्या कानावर येऊन अडलंय
पंधरा की सोळा.
दातांचा एक्सरे म्हणतो, पंधरा ते सतरा.
म्हणजे गुरुजीच बरे.

जिनिंगच्या पत्र्यावर रक्त सापडलंय.
तिघं होते. दोघांनी ह्याचं नाव घेतलं.
ह्यानं कुणाचंच घेतलं नाही.
राखणदार दादाराव वरच्या मजल्यावर आहेत,
सत्तावीस टाके, डोळे मिटलेले.

कागदावर तीन चौकटी.
क्षुल्लक. गंभीर. निर्घृण.
नुसती तांब्याची वायर गेली असती तर पहिली.
दादारावांनी उठून चहा मागितला, तर कदाचित दुसरी.
पोलिसानं तिन्ही रिकाम्या ठेवल्यात.
"निर्घृण म्हंजे काय?" पोरानं उलटं वाचून विचारलं.
मी हातमोजे चढवत राहिले.

काडीच्या टोकाला कापूस.
डाव्या गालाच्या आतून दहा वेळा, मग उजव्या.
त्याला गुदगुल्या झाल्या, हसला.
"आमच्या जिनिंगचाय का ह्यो कापूस?"
पोलिसानं मान वर केली: आमच्या?
"मह्या मायच्या," म्हणाला. "कवडी येचती तिथं."

काड्या वाळवाव्या लागतात.
ओल्याच बंद केल्या की बुरशी धरते.
पंख्यासमोर लावल्या आणि लाईट गेली.
मग बसलो तिघंही, वाळायची वाट बघत.

चिठ्ठीवर लिहायचं होतं विधिसंघर्षग्रस्त बालक.
पहिला शब्दच कडेपर्यंत गेला,
बालक खाली एकटं पडलं.

पुढं कधीतरी ह्याची फाईल नष्ट करतील, असा नियम आहे.
काडीचं काय करतात
हे अकरा वर्षांत मी कुणाला विचारलेलं नाही.

तो बाकावर झोपला, तोंड उघडं टाकून.
दाराच्या फटीतून त्याची माय दिसत होती,
अंगठ्याची शाई पदराला पुसत,
पदरावर कापसाचे तंतू.

एवढ्यात जिन्यावरून कुणीतरी
भरभर खाली यायला लागलं.
पोलीस उठला. खिशातून पेन काढलं.
मी काड्यांना बोट न लावता
नुसतं वाकून पाहिलं.
अजून ओल्या होत्या.