गेटपासच्या पाठीवर

भोये,
हे तुमच्या गेटपासच्या पाठीवर लिहायला घेतलं
आणि जागा पुरली नाही.

माझं आडनाव पगारे, काम पगार ठरवायचं.
हा विनोद अंबडच्या या शेडमध्ये अठरा वर्षं चालू आहे.
तुम्ही केला नाहीत,
त्याबद्दल आभार.

तर, बायोडेटावरचा फोटो.
मागे निळा पडदा, गळ्यात स्टुडिओतला टाय.
टाय काढा. डायमेकरचे हात बघतात आमच्याकडे.
तुमच्या अंगठ्यापाशी जुना वण आहे,
फॉर्म भरताना दिसला मला.

'मेहनती, प्रामाणिक, मिळून मिसळून वागणारा'
हे सगळेच लिहितात.
आमचं तांब्याचं भंगार ज्याने लांबवलं
त्यानेही लिहिलं होतं.
त्यापेक्षा लिहा, किती टनाची प्रेस, कसली डाय,
किती हजार पीस गेल्यावर कडेला बर यायला लागली.
एवढं वाचलं की खैरनार साहेब
खुर्चीत पुढे सरकतात. मी पाहिलंय.

'इंग्रजीत सांगू का' असं विचारू नका.
तुम्ही विचारलंत की आम्हाला आठवतं,
अरे, हे आपण विचारायला हवं होतं.

अपेक्षा विचारली की 'तुम्ही द्याल तो' म्हणू नका.
तिथे माझी पेन्सिल आकडा खाली ओढते.
कंपनीचा तसा नियम नाही. सवय माझी आहे.
बावीस हजार म्हणा
आणि गप्प बसा.
गप्प बसणं सगळ्यात अवघड.
पंख्याची करकर ऐकत राहा,
आधी मी बोलेन.

आणि ती मधली दोन वर्षं.
'लॉजिस्टिक्स क्षेत्रात कार्यरत'
हे तुमचं वाक्य नाही, टाइप करून देणाऱ्याचं आहे.
मी विचारलं, म्हणजे काय?
तुम्ही बुटांकडे बघत म्हणालात,
पिकअप चालवायचो. पेठवरून भाजी,
कधी पेशंट,
एकदा कोटंबी घाटात बाळंतीण, मागे ताडपत्रीखाली.
मुलगी झाली, म्हणालात, गाडीतच.
हे लिहा. जसंच्या तसं.
त्या सकाळी आम्ही तिघांनी
कागदावरून मान वर केली ती तेवढ्याच वेळा.

आता जे सांगायचं नसतं ते.

जागा नव्हती.
जाहिरात सोमवारी छापून आली.
आदल्या शुक्रवारीच साहेबांच्या साडूच्या मुलाने
सेफ्टी शूजचं माप दिलं होतं. नऊ नंबर.
पण फाईलला तीन नावं लागतात.
तुम्ही दुसरं होतात.
पहिल्या एसटीने निघालात, निमाणीला बस बदलली,
गरवारे पॉइंटपासून चालत आलात.
मुलाखत अकराची.
गेटच्या रजिस्टरमध्ये वेळ आठ चाळीस.

'कळवतो' म्हणालो आम्ही.
कळवतो म्हणजे नाही.
'बायोडेटा ठेवून घेतो' म्हणजेसुद्धा नाही.
'चहा घेणार?' म्हणजे कदाचित, किंवा फक्त चहा.
'कधीपासून येऊ शकाल' विचारलं
तरच घरी फोन करायचा.
तुम्ही पार्किंगमधूनच केलात.
खिडकी उघडी होती माझी.
'चांगली झाली,' म्हणालात, 'मॅडम चांगल्या होत्या.'

सातपूरला, आयटीआयच्या मागच्या गल्लीत
वाघचौरेंची टूलरूम आहे. पाटी नाही,
बाहेर गंजलेली लेथ पडलेली असते, तीच खूण.
ते जाहिरात देत नाहीत कधी.
शनिवारी बंद. गुरुवारी जा, दुपारच्या डब्यानंतर,
तेव्हा म्हातारा जरा नरम असतो.
स्वतः घासलेला एक पंच सोबत न्या, फडक्यात गुंडाळून,
आणि काही न बोलता टेबलावर ठेवा.

माझं नाव मात्र सांगू नका.
अठरा वर्षांपूर्वी, कारकुनाच्या जागेसाठी,
मलाही तिथे 'कळवतो' म्हणाले होते.
अजून कळवायचंय त्यांना.