पलामार लिहीत नाही

डेटन, ओहायो. दुसरा मजला,
खिडकीच्या काचांना आतून रंग फासलेला.
सकाळी आठला ट्रॉली येते चाकं कुरकुरवत:
मॉस्को, कीव, नोव्होसिबिर्स्क,
सहा आठवडे शिळी, जहाजाच्या वासाची नियतकालिकं.
चोरीचं काही नाही त्यात. रीतसर वर्गणी भरतो आम्ही,
पावती येते, शिक्क्यासह.

माझं काम वाचणं.
दौगावपिल्सच्या गल्लीत खेळताना जिभेला लागलेली रशियन
इथं तासाला दोन डॉलर दहा सेंट कमावते.
टायटॅनियमचा सांधा जुळवताना हवा लागू द्यायची नसते,
लागली की धातू ठिसूळ.
एवढं मला कळतं. बाकीचं मी कार्डावर उतरवते:
लेखक, संस्था, तक्ता, पान,
आणि शेवटी कुणाचे आभार मानलेत ते.
"आभार आधी वाचायचे, मिस ओझोला,"
मेजर हटन पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
"समीकरणात माणूस जपून असतो. आभारात सुटतो."

अकरा वर्षं मी ग. त. पलामार वाचला.
खारकोव्हचा. वाक्य संपवणं त्याच्या जिवावर यायचं;
अर्धविरामामागून अर्धविराम,
चपला घालून झाल्यावरही
दारात बोलत उभ्या पाहुण्यासारखा.
एकदा तक्त्याखाली बारीक अक्षरात:
'खिडकी नीट लागत नाही; सातव्या वाचनात चूक संभवते.'
मी तेही इंग्रजीत आणलं.
वरून लाल शेरा: अनावश्यक.

आणि दर लेखाच्या तळाशी
'मोजमापांबद्दल ल. पलामार हिचे आभार.'
बहीण? बायको?
कार्डावर त्यासाठी रकाना नव्हता.
मग एका वसंतात लेख आला, सांधा होता, तक्ता होता,
आभार नव्हते.
त्यानंतर लेखच नाही.

दोन वर्षं काही नाही.
मजल्यावर मात्र उत्साह.
जो बोलतो त्याचं अजून जमलेलं नसतं,
गप्प बसला म्हणजे जमलं, असं इथलं शास्त्र.
नकाशावर उरलच्या पलीकडे एक टाचणी लागली,
तिथं कारखाना असणार, पाणबुडीचं कवच असणार,
पलामार असणार, कुंपणाच्या आत.
त्या टाचणीच्या नावानं दोन नवी टेबलं आली
आणि एक कॉफीचं यंत्र.

ते मासिक चुकून आलं,
खोक्यातली पोकळी भरायला कोंबलेलं.
मधमाश्यापालन, पोल्तावा जिल्हा, पान एकतीस.
'हिवाळ्यात माश्या गोळा करून बसतात; कडेला आठ अंश;
आत चौतीस; कडेची माशी आत सरकते;
आतली कडेला येते; कुणी सांगावं लागत नाही;'
सही पाहायच्या आधीच मला कळलं.
तळटीप: 'थर्मामीटर लिदियाचा; चूक असल्यास माझी.'

तीन दिवस ते पान माझ्या पर्समध्ये होतं,
ब्रेडच्या पुडीला चिकटून.
चौथ्या दिवशी कार्ड केलं. पगार त्याचाच घेते मी.

मेजरनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"मधमाश्या," ते म्हणाले. "पोळं. गोळा."
मग दार लावून घेत:
"कुठंतरी पाणी मुरतंय. आठ आणि चौतीस, हे काय असेल?"
हिवाळा, मी म्हटलं.
त्यांनी ते लिहून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली.

आता दर महिन्याला पोळी, पेट्या, राणीमाश्या,
सगळं माझ्या टेबलावर येतं.
खिडकीचा रंग मी नखानं जरासा खरवडलाय,
नाण्याएवढा. पलीकडे पार्किंग, बर्फ,
कुणाचीतरी गाडी सुरू होत नाहीये.
कार्डाच्या पाठीमागे, जिथं कुणी पाहत नाही,
मी पेन्सिलीनं एक रकाना आखते
आणि त्यात लिहिते: ल.

मासिकाची दोन वर्षांची वर्गणी भरलीय.
पावती अजून यायचीय.