चरा

शहाबादीवर आधी रुपयाएवढा होता डाग,
मग बशीएवढा,
संक्रांतीनंतर कळण्याच्या भाकरीएवढा.
मंदाकिनीनं रांगोळी दारापासून दोन हात सरकवली,
बोलली काही नाही.
बोलला तो शेजारचा धुडकू आप्पा, दात कोरत:
“भाऊ, तुनी गाडी मुती ऱ्हायनी.”

गॅरेजवाला म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल.
मी जिनिंगच्या काट्यावर बावीस वर्षं कारकून,
तोलताना कोण कुठं अंगठा ठेवतो ते मला कळतं.
म्हटलं, घरीच करू.

चैत्रातला रविवार. लिंबाची सावली होती तोवर
जॅक लावला, उजवं चाक काढलं,
टेकूला फुटका पाटा.
पट्टे उतरले. पुलीचा बोल्ट मात्र
सत्त्याण्णव सालापासून बसलेला, हलेना.
पान्यात हापशाचा पाइप घालून लोंबकळलो,
तर इंजिनच माझ्याबरोबर फिरू लागलं.
“चौथा टाक. ब्रेक दाबून धर.”
ती पदर खोचून आत बसली.
“दाबला?”
“केव्हाचा.”
कट्!
लिंबावरचे होले उडाले,
आप्पाची खाट करकरली.

सील निघालं ते काळं, कडक,
गच्चीवर विसरलेल्या बिबडीसारखं.

नवं बसवायची घाई झाली मला.
ऊन बुंध्याशी आलेलं, पोटात भूक,
हातोडी तिरपी पडली. कड दुमडली.
साठ रुपयांची वस्तू,
पण अमळनेरात ती एकच होती.

माझे हात कोपरापर्यंत काळे.
तिनं जुनं सील कालच्या पेपरात गुंडाळलं
आणि धुळ्याची दीडची एसटी धरली.

दिवेलागणीला आली. पिशवीत
हातिमभाईच्या दुकानाची पुडी, पुडीत दोन सीलं.
“दोन कशाला?”
“तुम्ही आहात म्हणून.”

तोवर मी शाफ्ट घासलेटनं पुसून ठेवला होता.
बॅटरी तिनं धरली, आणि तिलाच दिसलं:
“हे काय, इथं रेघ आहे.”
होती. नखाला लागेल एवढी,
रबराच्या ओठानं पोलादात पाडलेली.
घाव नाही, जोर नाही,
नुसतं टेकून राहून, लाखभर किलोमीटर.
“झिजायला हवं होतं ते मऊ,” मी म्हणालो.
“दोन्ही झिजतात,” ती म्हणाली,
“तुम्हाला एकाचंच दिसतं.”
उजेड थोडा हलला,
मग पुन्हा शाफ्टवर स्थिर झाला.

नवं सील मी केसभर अलीकडं ठेवलं,
जुन्या रेघेवर नाही,
शेजारच्या कोऱ्या पोलादावर.
ओठाला बोटानं तेल लावलं.
नळाच्या पाइपाचा तुकडा, वर लाकडाची चिपटी,
टक्. थांबायचं. पलीकडून टक्.
“डावीकडं उंच आहे.”
टक्.
“अजून.”
टक्.
“आता हात लावू नका.”
मी लावला नाही.

दात मोजून पट्टा चढवला, पुली, चाक,
आणि रात्री खाली
बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला.

सकाळी मी उठायच्या आत
धुडकू आप्पा वाकून बघत होता.
पुठ्ठा कोरडा,
वर नुसता लिंबाचा मोहोर सांडलेला.
“व्हयनं का बंद?” त्यानं विचारलं,
जरा नाराजच वाटला.

शहाबादीवरचा डाग निघाला नाही.
सोडा झाला, लाकडाचा भुसा झाला,
राखेनं घासून तिची बोटं सोलली.
उरलेलं सील तिनं शिवणाच्या डब्यात ठेवलंय,
हुक, काज, सुटी बटणं यांच्यात.
परवा सुई शोधताना हाताला लागलं.
लवचीक आहे अजून.
तसंच ठेवलं, झाकण लावलं.

रांगोळी अजून दोन हात लांबच असते.
पुठ्ठाही तिनं काढलेला नाही.