बर्फखाना जानेवारीत बंद असतो

बर्फखाना जानेवारीत बंद असतो.
कॉम्प्रेसर उघडून ठेवलेला, डबे पालथे,
हौदाच्या तळाशी मिठाचं पाणी, गंजाच्या रंगाचं.
मी हिशेबाच्या वह्या घेऊन उन्हात बसतो.
यंदा ऊनच नव्हतं.

मंगळवारी पहाटे दार उघडेना.
वाटलं, कुत्री येऊन निजली असतील उंबऱ्याशी.
खांदा लावला, तर गुडघाभर पांढरं आत आलं
न विचारता.
हजीऱ्याचा अख्खा रस्ता,
हातगाड्या, पानाची टपरी, कुणाचा वाळत राहिलेला पायजमा,
सगळं एका चादरीखाली.
किल्ला तर नव्हताच.

चाळीस वर्षं मी बर्फ केला.
तो पडतो, हे ऐकून होतो.
माझा बर्फ लादीचा, दीड मणाचा,
मधोमध एक धुरकट रेघ असलेला.
हा पिंजलेला. ह्याला आकडा लावायचा कुठे?

शहराकडे फावडी होती, पण ती ठेकेदाराच्या कुलपात.
लोक परातींनी अंगणं उपसत होते,
मिठाईवाल्यानं झारा काढला,
पोरांनी कॅरमचा बोर्ड.
फालका बाजारात कुणी बंबाचं उकळतं पाणी ओतलं पायरीवर:
तासाभरात तिथं काच झाली.
काचेवर आधी पोस्टमन पडला,
मग त्याला उचलायला गेलेले दोघे.
निगमकडे जेसीबी एक,
त्याचा ड्रायव्हर भिंडला, मेव्हण्याच्या लग्नात.

दुपारी भदौरिया साहेबांचा फोन.
"सुर्वेजी, बर्फातलं तुम्हालाच कळतं."
आजवर त्यांनी मला "ओ बर्फवाले" म्हटलं होतं.

कळतं ते एवढंच, मी म्हटलं:
मीठ खड्याचं, बारीक नको.
पाणी मुळीच नको.
पायाखाली भुसा.
आणि लादीशी समोरून भांडू नये,
कडेनं सैल करत जावं.

मुन्ना आला, हरगोविंद आला,
सुए, आकडे, पोती निघाली.
वखारीतून लाकडाचा भुसा, दोन ट्रॉल्या.
हौदातलं ते गंजकं पाणी डब्याडब्यानं नेऊन
दवाखान्याच्या उतारावर शिंपडलं.
पाणी नको म्हणणारा मी. हरगोविंद हसला.
हे पाणी नाही रे, म्हटलं, हे मीठच आहे, पातळ झालेलं.

गल्ल्या मला कुणी दाखवाव्या लागल्या नाहीत.
प्रत्येक गल्ली मला मे महिन्यातली ठाऊक आहे,
रात्री दोनच्या फोनवरची:
मुलगा बंगलोरहून निघालाय, तोवर लादी हवी.
फरीदा बींचं दार: दोन लाद्या.
कुशवाहांचं जोतं: पाच, विमान चुकलं म्हणून.
त्या लाद्यांचे पैसे मी घेत नाही.
लोकही मला लग्नाला सहसा बोलावत नाहीत.

खांद्यावर आकडा घेऊन मी गल्लीत शिरलो,
आणि फरीदा बींनी खिडकी किलकिली केली.
"कोण गेलं?"
कुणी नाही. रस्ता काढतोय.
त्या जरा वेळ बघत राहिल्या, मी खोटं बोलतोय की काय.
मग शेगडी बाहेर आली, मग चहा,
मग समोरच्या घरातून दोन धडधाकट पोरं, इतका वेळ कुठं होती कोण जाणे.
शेगडीपाशी मुन्नाच्या डोळ्यांतून पाणी.
बोटं परत जागी होताहेत, म्हणाला. दुखतात.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं
आणि शहर गटारांतून स्वर्णरेखेकडे निघालं.
भदौरिया साहेबांचा फोन आला नाही.
मी एक डबा भरून घेतला त्या पिंजलेल्याचा,
दाबून दाबून,
भुशात पुरला, वर दोन पोती.
टिकणार नाही, हे मला नाही तर कुणाला कळणार?
तरी.

होळीला पोतं उघडलं.
ओला भुसा.
हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो,
मग कॉम्प्रेसर जोडायला घेतला.
मे फार लांब नव्हता.