मंत्रचळ : गुरुवार, चर्चचं तळघर

खुर्च्या आठ, माणसं पाच.
ओडेल सांगतो : गाडीखाली कुणी आलं का
हे बघायला तो त्याच गल्लीत वळतो. पुन्हा. पुन्हा.
चौथ्या फेरीला मागे पोलिसांचा दिवा.
"रात्री अकराला काळ्या माणसानं काय सांगायचं त्यांना?
मी काही केलं नाही ना, तेच तपासतोय?"
कुणीतरी फिसकन हसलं. मग ओडेलही.

माझ्या पाठ्यपुस्तकात ही गल्ली नव्हती.
मी वही मिटली. म्हटलं,
आज निघताना शेगडी सहादा बघितली मीसुद्धा.

यूलालियानं केक कापला, हात न धुता.
बराच वेळ सुरी हातातच होती तिच्या.
आम्ही खाल्ला.

बाहेर, डेट्रॉइटच्या बर्फात,
ओडेलची गाडी कोपऱ्यावर थांबली.
ब्रेकचे लाल दिवे.
पायरीवर आम्ही चौघं, हाक न मारता.

मग लाल विझलं.
गाडी सरळ गेली.