दहा किलो

तिकिटाच्या खिडकीतला पोरगा विचारतो,
वजन?
पिशवीचं? मी म्हणते.
नाही, सेन्योरा, तुमचं.
मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसतं.
विमान एकोणीस जणांचं, सगळंच मोजावं लागतं.
मी चौसष्ट सांगते. आहे अडुसष्ट.
चार किलो लपवून
मी नुकीला जायचं ठरवते.

नुकीला रस्ता जात नाही.
नकाशावर मेदेयीनपासून बोट सरकवलं
की आधी डोंगर, मग नुसताच हिरवा रंग,
मग एकदम निळा.
त्या दोन रंगांच्या शिवणीवर
टाचणीच्या डोक्याएवढं गाव.
दुसरी वाट मालवाहू पडावाची:
एक अख्खी रात्र, डिझेलचा वास, कोंबड्या.
सतराव्या वर्षी मी त्याच वाटेनं बाहेर पडले,
एका खुराड्याशेजारी ओकत.

इथे कारखान्यात मी पोहण्याचे कपडे शिवते.
दिवसाला नव्वद.
माझे टाके कुठल्या कुठल्या समुद्रांत
भिजून आलेत.
माझे पाय नाही. सहा वर्षं.

मार्लेनी बाई रजेच्या वहीवर पेन आपटते:
तारीख सांग.
सिल्वेरिया मावशी फोनवर म्हणते, तारीख कसली सांगतेस?
अमावस्येला ये.
सकाळी दहाला समुद्र इतका मागे सरतो
की धावपट्टीपासून माझ्या दारापर्यंत
वाळूवरून चालत येशील, चपला हातात घेऊन.
पौर्णिमाही चालेल. मधल्या दिवसांत होडीवाला
आर्नुल्फो पैसे घेतो, वर गाणं म्हणतो.

पाऊस असेल का गं?
ती इतकी हसते की फोन खरखरतो.
तिथे पावसाला पहिला, शेवटचा, असं नसतं.
तो घरातलाच माणूस,
जेवायला बसतो, उठायचं नाव नाही.

सामान दहा किलो. त्यावर एक ग्रॅम नाही.
शेजारच्या फाबियोलाचा काटा आणलाय,
फरशीवर ठेवून एकेक चढवते.
चष्मा, जाड भिंगांचा. सोळा नंबरच्या सुया.
काळा दोरा, बारा रिळं. चेन, वीतभर लांबीच्या.
तिला आवडतो तो पेरूचा वडीसारखा मुरंबा.
सगळं मिळून तीनच्या आत.
आणि मग शिलाई मशीनचं डोकं, लोखंडी,
जुन्या बाजारात हप्त्यानं घेतलेलं:
बारा.

तिचं मशीन खाऱ्या हवेनं खाल्लं.
त्याच्यावर मी पहिली बाही लावली होती, उलटी.

चाक काढून जाकिटाच्या खिशात घालावं,
बॉबिनची डबी पदराआड नाही तर चोळीत,
असा बेत करते, आणि मग आठवतं
की काटा मलाच मोजणार आहे.
खिसे माझेच.

गेल्या ऑगस्टात गेले होते, खरं तर.
ढगांवर दोन घिरट्या झाल्या.
मग एक भोक पडलं,
त्यातून पत्र्याची छपरं, निळी ताडपत्री,
तारेच्या कुंपणाशी छत्रीचा काळा ठिपका.
मी खिडकीला कपाळ लावलं,
वैमानिकानं मान हलवली, आणि
पाऊण तासात मी परत मेदेयीनमध्ये,
हातात मुरंब्याचा डबा.
संध्याकाळी ती म्हणाली, दिसलीस तू मला.
एवढ्या उंचावरून?
विमान तर दिसलं ना. त्यातच होतीस की.

आताही ढग कुणाला विचारून येणार नाहीत.
बेत म्हणजे मी माझ्या बाजूनं
जे करू शकते तेवढंच.

शेवटी ठरवलं: या खेपेला चाक आणि वरचा दांडा.
धड पुढच्या खेपेला.
मावशी म्हणते, आण हळूहळू,
तोवर हातसुई आहे, आणि तुझा जुना फ्रॉक
उसवायचा राहिलाय.

तिकिटावर छापलंय: देयानिरा हिनेस्त्रोसा, चौसष्ट.
एकवीस दिवस हातात आहेत.
रात्रीचा भात बंद.
जेवणाच्या ताटलीत तेल ओतून
मी चाक त्यात ठेवते, बोटानं एकदा फिरवते.
कुरकुरतं.
पुन्हा फिरवते.